डबल लाइन होईपर्यंत क्रॉसिंग सुटत नाही

तारा ओढून झाल्या, विजेचं इंजिन आलं, तरी आमची पॅसेंजर क्रॉसिंगला उभीच. मग विद्युतीकरणावर पैसा घातला कशाला? (सेलू)

तारांमुळे डिझेल वाचलं, गाडी वेगही पटकन घेते. पण रूळ एकच आहे ना! समोरून गाडी येत असली की एकीला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यावंच लागतं, आणि थांबायचं कुणी हे गाडीच्या मानावर ठरतं. पॅसेंजरचा मान सगळ्यात शेवटी. परतूरच्या पुढे एका छोट्या स्टेशनवर मी असा कितीदा बसलोय. समोरची एक्स्प्रेस धडधडत जाते, खाली उतरलेली माणसं विड्या टाकून डब्यात चढतात, आणि तेवढ्यात कळतं की मागून येणारीही आधी काढायचीय. माणसं पुन्हा खाली. भेळवाला तेवढा खूश.

मुंबईची वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्यापासून सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. चांगलंच झालं. पण एकेरी लाइनवर जलद गाडी वाढली की तिच्यासाठी पॅसेंजरला आणखी एकदा बाजूला व्हावं लागतं. म्हणून मागायची तर आधी दुसरी लाइन मागा.

स्टेशनच्या रंगरंगोटीऐवजी तोच पैसा रुळाला का लावत नाहीत? (जालना)

दोन्हींची खाती वेगळी. स्टेशनं सुधारायच्या अमृत भारत योजनेचं काम प्रवासी सुविधांत मोडतं. ते थांबवलं म्हणून रूळ वाढत नाही.

नगर-बीड-परळीला एवढी वर्षं का लागली? (बीड)

२६१ किलोमीटरची ही लाइन १९९५ ला मंजूर झाली, तेव्हा अंदाज ३५३ कोटींचा होता. आता तो ४,८०५ कोटींवर गेलाय. वर्षाला थोडा थोडा पैसा, रखडलेलं भूसंपादन, त्यात जमिनीचे वाढते भाव. काम लांबलं की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की तुटपुंज्या तरतुदीत काम आणखी लांबतं. निम्मा वाटा राज्याने उचलायचं ठरलं तेव्हा गाडं हललं. तरी दोन खिशांतून पैसा यायचा, तर एकाने हात आखडला की काम अडतंच. आष्टीपर्यंत गाडी २०२२ ला आली, बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. नगरपासून बीड १६६ किलोमीटर. परळीपर्यंतचे सुमारे ९५ उरले. ते जोडले गेले की बीडहून परभणी-नांदेडकडेही वाट होईल. तोवर बीड हे शेवटचं स्टेशन.

संभाजीनगर-परभणी दुहेरीकरण मंजूर झालं म्हणतात. काम खरंच चाललंय हे कसं ओळखायचं? (मानवत)

मनमाडकडचा अंकाई-संभाजीनगर हा ९८ किलोमीटरचा तुकडा आधीच मंजूर होता. परभणी-मुदखेड ८१ किलोमीटर २०२० ला डबल झालं. मधल्या १७७ किलोमीटरला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. हा मधला गळा अरुंद राहिला, तर दोन्हीकडून आलेल्या गाड्या इथेच तुंबणार.

मंजुरीचे बॅनर बघू नका. अर्थसंकल्पासोबत रेल्वेचं ‘पिंक बुक’ निघतं, इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात कामागणिक त्या वर्षाची तरतूद छापलेली असते. शेकडो कोटी दिसले तर काम चालू आहे समजा. कधी कधी नुसते हजार रुपये असतात, फाइल जिवंत ठेवण्यापुरते. तुम्ही दक्षिण मध्य रेल्वेच्या पानांवर ‘दुहेरीकरण’ बघा. बीडकरांनी मध्य रेल्वेची पानं उघडावीत, नाहीतर आपली लाइनच गायब झाली म्हणून उगाच धसका घ्याल.