गाणं दहा बोटांत बसवताना: पियानो सोलोबद्दल वाचकांचे प्रश्न

पियानोसाठी स्वतः काही रचणं किंवा आवडती गाणी सोलो म्हणून बसवणं, यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. भरपूर आले, आणि खूप छान आले. सारखे होते ते एकत्र केलेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की घेते.

प्रश्न: मी नाशिकला सेकंड इयरला आहे, बरीच वर्षं पियानो शिकतोय. आवडती गाणी कानाने बसवतो, उजव्या हातात चाल आणि डाव्या हातात कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर). पण रेकॉर्ड करून ऐकलं की सगळं सपाट वाटतं, गायक न आलेल्या कराओकेसारखं. काय चुकतंय?

उत्तर: चुकत काही नाहीये रे, तू पहिल्या पायरीवर थांबलायस इतकंच. पियानोचं एक लक्षात घे, पट्टी दाबली की त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो. गायक सूर धरून ठेवतो, वाढवतो, व्हायोलिनवाला गज ओढत आवाज फुगवतो, आपल्याला यातलं काहीच करता येत नाही, पायाखालचं सूर धरून ठेवणारं पेडल दाबलं तरी विरायचं ते विरतंच. म्हणजे गाण्यात गायिकेने जो सूर चार मात्रा लांबवलाय, ज्यावर आपण सगळे फिदा असतो, तोच पियानोवर दुसऱ्या मात्रेला फिका पडतो आणि तू मात्र डाव्या हाताने कॉर्ड धरून बसलेला असतोस. म्हणून अरेंज करताना सगळ्यात आधी विचारायचं की हा लांब सूर विरतोय तोवर बाकीची बोटं काय करतायत?

करून बघायला एक सांगते. कॉर्ड विसर, एक गाणं घे आणि फक्त दोन ओळी वाजव, वर चाल आणि खाली बेस. बेस म्हणजे कॉर्डचं नाव असलेला सूर धपकन टाकायचा असं नाही, तीसुद्धा एक चालच आहे, गुणगुणता आली पाहिजे. बेस सगळीकडे उड्या मारत असेल तर काही ठिकाणी कॉर्डमधला मधला सूर खाली घे, सा ग प असेल तर ग खाली, मग ओळ पायऱ्या उतरल्यासारखी जाते. या दोन ओळी नुसत्या ऐकायला बऱ्या वाटल्या तरच तिसरी ओळ मधे घालायची, आणि ती कुठे घालायची? जिथे चाल थांबलीय तिथेच. चाल हलतेय तेव्हा मधली ओळ गप्प, चाल थांबली की ती दोन-तीन सुरांत काहीतरी बोलते. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिन जे भरतात ते नीट ऐक, सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं अरेंजमेंटचं काम म्हणजे याची शाळाच आहे.

दुसरं, खालच्या सप्तकात सा ग प जवळजवळ दाबू नकोस. तिथे प्रत्येक सुराचे वरचे उपस्वर ठळक ऐकू येतात आणि ते एकमेकांत अडकून आवाज गढूळ होतो. खाली सा आणि प ठेव, ग एक सप्तक वर ने. हात एवढा पोचत नसेल तर आधी सा, मग पेडलवर बाकीचे सूर. एवढ्या एका बदलाने अर्धा सपाटपणा जाईल.

तिसरं म्हणजे चाल कायम करंगळीलाच का द्यायची? दुसऱ्या कडव्यात ती मधल्या सप्तकात आण, अंगठ्यांनी वाजव आणि वर-खाली बाकीची बोटं फिरू देत. एकोणिसाव्या शतकात थालबर्ग नावाचा पियानिस्ट याच युक्तीसाठी गाजला होता, अंगठ्यांनी मधे चाल आणि दोन्ही बाजूंनी सुरांची धावपळ, ऐकणाऱ्याला वाटायचं याला तीन हात आहेत. १८३७ मध्ये पॅरिसला त्याची आणि लिझ्ट या दुसऱ्या नामवंत पियानिस्टची समोरासमोर मैफल झाली, तीही खूप गाजली. शांतपणे हेच ऐकायचं असेल तर बाखच्या १४७ क्रमांकाच्या कँटाटामधल्या (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतल्या) कोरालचं, म्हणजे चर्चमधल्या समूहगीताचं, ब्रिटिश पियानिस्ट मायरा हेस यांनी केलेलं पियानो अरेंजमेंट ऐक. वर तीन-तीनच्या गटात सूर वाहत राहतात आणि मधे कोरालची चाल संथ येते, दोन्ही वेगळं ऐकू येतं आणि कुठेही गर्दी वाटत नाही.

आणि हो, शब्द. गाण्यात दुसरं कडवं त्याच चालीत चालतं कारण शब्द बदलतात. पियानोला शब्द नाहीत, त्यामुळे तेच दोनदा वाजवलं की लोक मोबाईल काढतात. एकतर दुसऱ्यांदा काहीतरी बदल, नाहीतर सरळ काप. साडेपाच मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत झालं तर बिनधास्त होऊ दे.

प्रश्न: कोल्हापूरला भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो, वय ६२. मुलाने घरी डिजिटल पियानो आणलाय. अभंग आणि रागांवरच्या चाली त्यावर वाजवायचा प्रयत्न करतो पण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही म्हणून जीव लागत नाही, आणि नातू म्हणतो आजोबा कॉर्ड लावा. लावू का?

उत्तर: काका, तुम्ही पियानोवर बसलात हे वाचूनच बरं वाटलं. मींडेचं दुखणं तुम्हाला हार्मोनियमवरूनही ठाऊक आहेच, याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तरीही पेटीवाल्यांनी कण, मुरकी अशी छोट्या सुरांची सजावट आणि सूर सोडायची पद्धत यांवर जे उभं केलं ते केलंच ना. पियानोवर उलट एक जास्तीची गोष्ट तुमच्या हातात आहे, दाब. प्रत्येक सूर वेगळ्या वजनाने वाजवता येतो. मींड जिथे संपते तो सूर हलका ठेवायचा आणि जिथून निघते त्यावर वजन द्यायचं, मधला एखादा कण अगदी पुसट. खालचा सूर लगेच सोडू नका, वरचा वाजल्यावर किंचित उशिरा बोट उचला. मींड नाही येणार, पण सूर एकमेकांना चिकटून आल्यासारखे वाटतील.

कॉर्डचं मात्र जपून. भूप राग घ्या, सा पांढरी एक (म्हणजे सी). रागात म आणि नी नाहीत. नातू सवयीने एफ मेजर लावेल, त्यात म आहे, आणि जी मेजर लावेल, त्यात नी आहे, म्हणजे दोन्हींनी भूप मोडला. रागाच्या पाच सुरांत राहून पूर्ण कॉर्ड दोनच होतात, सा ग प आणि ध सा ग. त्याशिवाय रे आणि ध एकत्र छान लागतात, सा आणि प तर आहेतच. एवढ्यावर भागवायचं. कमी वाटतं पण भागतं, कारण राग कॉर्डवर उभाच नसतो. मी तर म्हणेन पहिले दोन-चार महिने कॉर्ड नकोच, डाव्या हाताने खालचा सा आणि प हळू, पेडल दाबून, विरत आले की परत. तानपुऱ्याचं काम तेवढ्यात होतं. ग मात्र कानाला जरा चढा लागेल तुमच्या, तो भास नाहीये, पियानोचा शुद्ध ग तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) वर असतो. म्हणून खालच्या सा-प वर तो ग जोरात ठेवून थांबू नका, हलका घ्या आणि पुढे चला. उत्सव लाल या तरुण पियानिस्टचं रागवादन मिळालं तर ऐका, आलापात किती जागा रिकामी सोडलीय तिकडे लक्ष द्या.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, ठाण्यात क्लासला जाते. ती सिनेमातल्या गाण्यांमध्ये मधेच मोझार्ट, बाख घुसवते आणि वेगळंच काहीतरी तयार करते. मला ऐकायला आवडतं पण सर म्हणतात यामुळे शिस्त बिघडते. थांबवू का तिला?

उत्तर: ताई, अजिबात थांबवू नका. हे उद्योग मोठमोठ्यांनी केलेत. मोझार्टने त्या काळच्या फ्रेंच लोकप्रिय गाण्यावर पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स (एकाच चालीची बदलती रूपं) लिहिली, तीच चाल जिच्यावर आज पोरं ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणतात. लिझ्टने त्याच्या काळातल्या गाजलेल्या ऑपेरांवर (गायलेल्या नाटकांवर) फँटसीज, म्हणजे त्यांच्या चाली घेऊन मोकळ्या रचना, लिहिल्या, म्हणजे तेव्हाची फिल्मी गाणीच म्हणा. उलट्या दिशेनेही झालंय, सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ सिनेमात मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घेऊन गाणं केलं, आणि तुम्ही आम्ही ते आपलं म्हणूनच ऐकतो.

फक्त तिला एक विचारा, की या गाण्यात हाच तुकडा का? नुसता आठवला म्हणून टाकला तर जोड दिसते. दोन्हींत काहीतरी सारखं हवं, कॉर्डचा क्रम, बेसची ओळ, निदान चालीची पहिली झेप. पाखेल्बेल या जर्मन संगीतकाराच्या कॅनन नावाच्या रचनेत आठ कॉर्ड फिरत राहतात, डी, ए, बी मायनर, एफ शार्प मायनर, जी, डी, जी, ए, आणि ढीगभर पॉप गाणी याच किंवा याच्या जवळच्या क्रमावर चालतात. अशा गाण्यात कॅननची ओळ आली तर ती आतूनच उगवल्यासारखी वाटते. सरांनाही सांगा की मूळ मोझार्ट ती लिहिल्याप्रमाणे वाजवेलच, दोन्ही होऊ देत. खरं सांगायचं तर जी मुलगी तुकडा उचलून दुसरीकडे बसवते तिने तो आतून समजून घेतलेला असतो, नुसती परीक्षेची तयारी करून हे येत नाही.

प्रश्न: पुण्यात आयटीत आहे. स्वतःचं कंपोझ करायची फार इच्छा आहे. चार बार (मात्रांचे छोटे गट) छान सुचतात, मग पुढे काहीच नाही. मोबाईलमध्ये असे तुकडे भरून पडलेत.

उत्तर: नवीन सुचायची वाट बघू नका, त्या चार बारमध्येच पुढचं आहे. याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण सांगते. व्हायोलिनवादक पॅगानिनीच्या चोविसाव्या कॅप्रिसची (व्हायोलिनसाठीच्या छोट्या, कसरतीच्या रचनेची) सुरुवात सरगमात म्हटली तर सा, कोमल ग, रे, सा, आणि मग उडी मारून प. मायनरमधली (कोमल गंधाराची), चपळ, जरा टोचणारी. रशियन संगीतकार रखमानिनॉफने १९३४ मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी तिच्यावर रॅप्सडी लिहिली, त्यातल्या अठराव्या व्हेरिएशनमध्ये त्याने ही चाल उलटी केली, म्हणजे जिथे वर जाते तिथे तेवढंच खाली आणि जिथे खाली येते तिथे तेवढंच वर. काय झालं? प, ग, म, प आणि सा. सगळं मेजरमध्ये (शुद्ध गंधारात) आलं, वेग संथ केला, आणि ती जगातल्या सगळ्यात गोड चालींपैकी एक झाली. अंतर मोजून बघा, अर्ध्या सुराचाही फरक नाही, पियानोवर दोन्ही एकामागून एक वाजवा आणि मग माझ्यासारखंच तुम्हालाही दिवसभर दुसरं काही सुचणार नाही.

तेव्हा मोबाईलमधला एक तुकडा काढा आणि त्याला उलटा करा, वेग निम्मा करा, चाल बेसमध्ये टाका, मायनरचं मेजर करा, फक्त शेवटचे तीन सूर घेऊन तेच वेगवेगळ्या पट्टीत फिरवा. दहातल्या आठ गोष्टी टाकाऊ निघतील, निघू देत. आणि दुसरा तुकडा पहिल्याला चिकटवायच्या फंदात पडू नका, एका बीजातून पाच मिनिटं काढता येतात.

प्रश्न: मडगावहून लिहितोय. मांडो (आमचं कोंकणी गीत) पियानोवर सोलो बसवायचाय, पण वाजवला की नुसता वॉल्ट्झ (तीन मात्रांचं पाश्चात्त्य नृत्य) वाटतो.

उत्तर: कारण डाव्या हातात बहुतेक तुम्ही उम-पा-पा लावलंय, ते आधी काढा. मांडोचा जीव दोन आवाजांत आहे, एकमेकांपासून तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर चालणाऱ्या, ती जोडी दोन्ही हातांत मिळून गाती ठेवा आणि वरचा आवाज खालच्यापेक्षा थोडाच मोठा असू दे. घुमटासाठी (मांडोसोबतचं मातीचं तालवाद्य) खालच्या सप्तकात सा-प सुटे, आखूड, पेडलशिवाय, आणि प्रत्येक बारमध्ये नकोत. वाक्याच्या शेवटी वेळ घ्या, गाणारे घेतात तेवढा. पुढे दुलपद (मांडोनंतरचं जलद लयीचं गाणं) जोडलंत तर तिथे लय पक्की धरा, मग फरक आपोआप कळेल.

प्रश्न: अरेंजमेंट यूट्यूबवर टाकायचंय आणि नोटेशन विकायचंय. कॉपीराइटचं काय? (हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.)

उत्तर: भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो आणि १९५७ च्या कायद्यात अरेंजमेंटसुद्धा त्या हक्कात येतं. बाख, मोझार्ट, शोपाँ मोकळे आहेत. पण दुसऱ्याने केलेलं अरेंजमेंट वेगळी गोष्ट, वर सांगितलेलंच बघा ना, बाख कधीच मोकळा झालाय, पण मायरा हेस १९६५ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या कामाचा हक्क आपल्याकडे २०२५ अखेर संपला आणि इंग्लंडमध्ये ७० वर्षांचा नियम असल्याने तो २०३५ अखेरपर्यंत आहे. सिनेमातलं गाणं असेल तर घरी वाजवा, शिका, काही हरकत नाही, नोटेशन विकायचं तर हक्क कोणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्या. यूट्यूबवर बऱ्याचदा व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. वर्णनात मूळ संगीतकाराचं नाव लिहा, ते कायद्यापेक्षाही आपल्या मनासाठी.

प्रश्न: ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे सगळं जमेल का?

उत्तर: सुरुवात जमेल, रचनेचा विचार तर पूर्ण जमेल. पण वर जे दाबाचं आणि पेडलचं सांगितलं ते वजनदार पट्ट्यांशिवाय कळत नाही, तेव्हा पुढेमागे ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो बघा, सेकंडहँड चालेल. तोवर सस्टेन पेडल तरी नक्की घ्या, आणि नोटेशन लिहून ठेवायला म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.