गावाकडची आई छातीची तपासणी करून घ्यायला तयार नाही, तिला कसं समजावू?

तुमची आई ५२ वर्षांची, पन्हाळ्याकडच्या गावात राहते आणि "मला काय दुखतंय म्हणून दवाखान्यात जाऊ?" म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. करवीर तालुक्यात आशा म्हणून ११ वर्षं घरोघर फिरताना हेच वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. हा अडाणीपणा नव्हे. आपल्याकडं दुखलं तरच ते दुखणं. आणि स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आईला आधी एवढंच सांगा.

हे कसं सांगायचं ते मला एका काकूंच्या गोठ्यात कळलं. धारेच्या वेळी मी तिथंच फॉर्म भरत बसले होते. धार काढता काढता त्या थांबल्या, म्हशीच्या एका सडावर बोटं फिरवली आणि लेकाला हाक मारली, "दगडी हुईल बघ, डॉक्टरला फोन लाव." दगडी म्हणजे जनावराची कास सुजण्याचा आजार. दूध नासलं नव्हतं, म्हैस लाथा झाडत नव्हती. रोजच्या हाताला फरक कळला होता. मी विचारलं, "काकू, स्वतःच्या छातीवरनं असा हात कधी फिरवलाय?" त्या गप्प झाल्या. मग चरवी बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, "हाय एक गाठ. दुधाची असंल म्हनलं." त्यांचा धाकटा लेक तेव्हा २६ वर्षांचा होता.

तपासणीत कॅन्सर निघाला, पण काखेत पसरायच्या आत. आज त्या पुन्हा धारा काढतात. सगळ्याच गाठी अशा नसतात, बऱ्याचशा साध्या निघतात, हेही आईला सांगा. भीतीपोटीच बायका लपवतात. तपासणीसाठी गाठीत सुई घातली की ती पसरते, असंही गावात बोलतात. तसं होत नाही.

आणि नुसत्या हातानं तपासून काय कळणार, असं कुणी म्हणालं तर मुंबईचं उदाहरण द्या. टाटा मेमोरिअलनं १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी छाती तपासली, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. २०२१ साली निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तुमची आई त्याच वयाची आहे.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी ५ वर्षांतून एकदा मोफत आहे. माझं मत विचाराल तर पन्नाशीनंतर एवढं थांबू नये. मधल्या काळात आंघोळीच्या वेळी तिनं स्वतः लक्ष ठेवावं: गाठ, काखेतली गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातनं येणारं रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी. यातलं काही दिसलं तर मलम लावत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

शेवटची अडचण लाजेची. उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी कधी पुरुष असतात, त्यामुळं सिस्टर कुठल्या वारी असतात ते गावातल्या आशाताईंना आधी विचारून घ्या. आणि आईला एकटीला पाठवू नका, शेजारच्या दोघी-तिघींना बरोबर घेऊन जाऊ दे. तुम्ही तिची मुलगी असाल तर तिच्याआधी तुम्ही तपासून घ्या.