रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं ते काय?

"मॅडम, दुर्बिणीतून केलेली आतड्याची तपासणी, कोलोनोस्कोपीसुद्धा नॉर्मल आली. म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ का?" आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा दीर्घकाळ चालणारा त्रास) निदान झालेल्या एका बाईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नाही. दुखणं खरं आहे. आयबीएसमध्ये आतड्याला जखम दिसत नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला ताळमेळ बिघडलेला असतो. आतड्याच्या भिंतीतलं मज्जातंतूंचं जाळं हळवं झालं, की एरवी कळणारही नाही इतक्या गॅसनेही कळ येते. कळ आली की धास्ती, धास्तीने पुन्हा कळ. अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६च्या रोम-४ निकषांतही याला आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधाचा विकार म्हटलंय.

बाईंचं जगणं मात्र पोटापेक्षा भीतीने जास्त आक्रसलं होतं. निघण्याआधी पुन्हापुन्हा टॉयलेट. मीटिंगमध्ये दाराजवळचीच खुर्ची. प्रवास असला की आदल्या दिवसापासून उपास. नवऱ्यालाही धड सांगितलेलं नव्हतं, "असलं कसं बोलायचं?" ही लाज माणसाला फार एकटं पाडते, आणि मला तिचाच जास्त राग येतो.

शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपमोड करणारे जुलाब, ॲनिमिया यातलं काही नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी पक्कं करून घेतलं. मग वहीत खाण्याबरोबर त्या वेळी मनात आलेलं वाक्यही लिहायला सांगितलं. पानोपानी एकच: 'सगळ्यांसमोर अब्रू जाणार.' असं कधी झालं होतं? एकदा, ऑफिसात. "मग पुढे?" सहकारी मैत्रिणीने स्वतःची ओढणी कमरेला बांधायला दिली होती, आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नव्हता. हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या.

पुढे छोट्या पायऱ्या घेतल्या. जवळच्या कामाला उपाशी न राहता जायचं. कळ आली की लगेच धावायचं नाही, पोटातून सावकाश श्वास घेत पाच मिनिटं थांबायचं. एका सत्रात नवऱ्याला बोलावलं. वाईट दिवस अजूनही येतात, पण प्रवासाला त्या आता जेवून निघतात.

डॉक्टरांनी कमी डोसमध्ये नैराश्यावरचं औषध लिहून दिलं, तर 'मला वेडं ठरवलं' असं समजू नका. त्या मात्रेत ते आतड्याकडून येणारे वेदनेचे संदेश सौम्य करतं. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला प्रत्यक्ष सूज येणारे आजार) असेल, तर सूज ओसरल्यावरही ही धास्ती मागे राहू शकते. पुढच्या तपासणीला तीही डॉक्टरांच्या कानावर घाला.