बहिणींच्या सह्यांशिवाय गावठाणातील घराला बांधकाम परवानगी मिळते का?

मुरबाड तालुक्यातील गावठाणात आजोबांच्या नावावर असलेले कौलारू घर पाडून नवे बांधायचे आहे, तर परवानगीला किती दिवस लागतात आणि 'लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या' टाळता येतात का, असे आपण विचारले आहे. मी अशीच एक लग्न होऊन गेलेली बहीण असल्यामुळे उत्तर लिहिणे भाग आहे.

दिवसांचे आधी सांगते. डिसेंबर 2020 मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आणि त्यापाठोपाठचा ग्रामविकास विभागाचा निर्णय यांमुळे गावठाणातील लहान घरासाठी नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 1600 चौरस फुटांच्या जागेसाठी मालकीची कागदपत्रे, नकाशे आणि ते नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला सादर करून विकास शुल्क भरले की काम सुरू करता येते. त्यापुढे 300 चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीने 10 दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद आहे. मात्र हे दिवस मोजले जातात ते कागदपत्रे पूर्ण झाल्यावर, आणि घोडे अडते ते मालकीच्या कागदापाशी.

माझे माहेर शहापूर तालुक्यात आहे. मी कळव्यात राहते, धाकटी बहीण ऐरोलीत, आणि दादा गावी. वडील गेल्यानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, त्यांचेच नाव तसेच राहिले होते. घरपट्टी दादा भरत असे, म्हणून घर आपलेच, असे त्याच्या मनाने घेतले होते. जुन्या भिंतींना ओल आली होती, घर बांधणे आवश्यकच होते, याबद्दल आम्हा बहिणींचे दुमत नव्हते. पण गौरीच्या दिवशी जेवणे उरकल्यावर त्याने आमच्यापुढे जो मसुदा ठेवला, तो हक्कसोडपत्राचा होता. "परवानगीसाठी एवढी सही लागते," असे त्याने सांगितले. मी वाचून पाहिले आणि सही करणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. वहिनींचा चेहरा उतरला, काकांनी माझ्या लग्नात वडिलांनी केलेल्या खर्चाचा हिशेब काढला, आणि संध्याकाळपर्यंत मी भावाच्या डोक्यावरचे छप्पर काढणारी ठरले.

वस्तुतः बांधकामास संमती देणे आणि मालमत्तेतील हिस्सा सोडणे ही दोन निराळी कामे आहेत. संमतीपत्रात सहवारस एवढेच म्हणतो की या जागेवर या नकाशाप्रमाणे घर बांधण्यास माझी हरकत नाही. त्याने हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्राने हिस्सा जातो, म्हणूनच त्याची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी लागते. ग्रामपंचायतीला पहिला कागद पुरतो. दादाला दुसरा हवा होता, परवानगी हे निमित्त होते. आणि हे मी त्याला तेव्हाही सांगितले होते, आजही सांगते.

पुढे त्याने आमच्या सह्यांवाचून अर्ज दिला. नोंद वडिलांच्या नावावर असल्याने सर्व वारसांची संमती जोडण्याविषयी ग्रामसेवकांनी त्याला लेखी कळवले. मीच ठाण्याहून सूत्रे हलवली, असे तो वर्षभर सांगत फिरला, पण त्या ग्रामसेवकांचे नावसुद्धा मला ठाऊक नव्हते. अखेर त्याच्याच अभियंत्याने साधे संमतीपत्र तयार केले, आणि आम्ही दोघी बहिणींनी गावी जाऊन त्यावर आनंदाने सह्या केल्या.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की सह्या टाळू नका, योग्य कागदावर मागा. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगी 1956 पासून वडिलांची पहिल्या वर्गातील, म्हणजे हक्कात सर्वांत आधी येणारी, वारस आहे आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ती जन्मापासून भावाइतकीच हिस्सेदार आहे. आपले घर आजोबांच्या नावावर असल्याने बहिणींबरोबर आत्यांचाही विचार करावा लागेल. त्या शहरात सुखात आहेत, त्यांना काय कमी, हे कारण कोणत्याही कलमात बसत नाही. एखाद्या बहिणीला आपण होऊन हिस्सा सोडायचा असेल तर तिने जरूर सोडावा, पण तो निर्णय जेवणानंतरच्या सुपारीबरोबर घेण्याचा नसतो.

नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हेही लक्षात असू द्या. गावठाणातील घरांची मोजणी करणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत आपल्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद असलेला उतारा, काढून घ्या. वर सांगितलेली सवलत गावठाणापुरती आहे. जागा हद्दीबाहेर, शेतजमिनीत असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि भिवंडीभोवतीच्या 60 गावांत किंवा पनवेलकडील नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्रात नियोजन प्राधिकरणच वेगळे असल्याने तेथे माझे सांगणे जसेच्या तसे लागू होणार नाही.

घर पूर्ण झाल्यावर नवी आकारणी लावून घेतानाच सर्व वारसांची नावे चढवून घ्या. आमच्या दादाने ते अजून केलेले नाही.