अपडेट्स पोचले, दुसरा अंक कुठंय?

अरे पोरा,

तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, जाहीरनामाच की तो. एकांकिका, दोन अंकी नाटक, शॉर्ट फिल्म, त्याच नाटकावर फीचरची बोलणी, वर पुण्यातल्या कुणाची तरी वेब सिरीज. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आपल्या गावातलं पोरगं एवढं करतंय म्हटल्यावर वाटणारच. पण मग कागदावर खरंच काय उतरलंय ते बघितलं तर एकांकिका झालेली, शॉर्ट फिल्म अर्धीमुर्धी आणि नाटकाचा पहिला अंक. बाकी सगळं चहाच्या टपरीवरचं. वाईट वाटून घेऊ नको, या लाईनीत निम्मं आयुष्य बोलण्यातच जातं, फक्त बोलणी आणि काम एकाच रकान्यात मांडायचं नाही.

मला विचारशील तर आत्ता बाकी सगळं बाजूला ठेव आणि दुसरा अंक लिही.

का सांगते, कारण पहिला अंक चांगला आहे. त्यातला कारखान्यातला सीन बघ, पोरगा बापाला सांगायला येतो की मी नोकरी सोडली. चारी बाजूला यंत्रमाग धडधडतायत आणि तू बापाच्या तोंडी दीड पान घातलंयस! अरे, चालू मागाशेजारी दीड पान कोण बोलतं? तू सोलापूरच्या पूर्व भागातच, तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलास ना, शेडमध्ये माणसं कशी बोलतात ते तुला मी सांगायचं का, हात हलवून, ओठ बघून, नाहीतर कानाशी तोंड नेऊन दोन शब्द ओरडून. आणि मशिनचा आवाज स्पीकरवर लावशील तर आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागच्या रांगेला बापाचं एक अक्षर ऐकू जायचं नाही, आवाज कमी केला तर शेड खोटी वाटणार. त्यापेक्षा असं कर की पोरगा ओरडून सांगतोय, बापाला कळत नाहीये, तो "काय? काय?" करतोय, आणि बरोबर त्याच वेळी लाईट जाते. सगळे माग एकदम बंद. पण बापाला ओरडून बोलायची सवय, तो त्याच पट्टीत बोलून जातो, आणि जे घरातच राहायला हवं होतं ते अख्ख्या शेडला ऐकू जातं. त्यानंतर त्याला दीड पान कशाला लागतंय, एक वाक्य बास होतं. माझं हेच वापर असं नाही, पण ती जागा शोध.

आता हाच सीन सिनेमात आला तर लाईट घालवायची गरज पण नाही, तिथं कॅमेरा बापाच्या बोटांपाशी जाऊ शकतो, तुटलेला धागा जोडताना ती बोटं थांबतात की नाही एवढं दाखवलं तरी काम होतं. नाटकात पंधराव्या रांगेतल्या माणसाला बोटं दिसत नाहीत. म्हणून तो फीचरवाला प्रोड्युसर तुला "नाटक जरा सिनेमॅटिक लिही म्हणजे पुढं सोपं जाईल" म्हणतो ना, ते ऐकू नको, तसं लिहिलेलं नाटक धड स्टेजवर उभं राहत नाही आणि सिनेमाला तर परत पहिल्यापासून लिहावंच लागतं.

आणि ती भाषा. तुझा हिरो मित्राला "काय करतो आहेस मित्रा" म्हणतो. सोलापुरात?? "का बे, काय करलालास" म्हणू दे की त्याला. आजीला दोन वाक्यं तेलुगूत बोलू दे, लगेच मराठीत अर्थ सांगू नको. आपल्या हॉलमधल्या बऱ्याच जणांना कळतंय आणि बाकीच्यांना तिचं तोंड बघून कळेल.

शॉर्ट फिल्मचं थोडक्यात सांगते. शेडमधले डायलॉग मशिन बंद करून घे आणि मागाचा आवाज त्याच शेडमध्ये वेगळा रेकॉर्ड कर, दुसऱ्या शेडचा आणलास तर तिथला पत्रा वेगळा वाजतो. मे महिन्यात तिथं शूट ठेवू नको बाबा, नट तर घामाघूम होतीलच पण कॅमेरा पण तापून बंद पडेल. हॉटेलच्या सीनमध्ये मागं रेडिओवर जुनं हिंदी गाणं ठेवलंयस ते काढ, त्याचे राइट्स तुझ्याकडे नाहीत आणि फेस्टिव्हलवाले विचारतात. पूर्ण झाली की लगेच यूट्यूबला टाकायची पण घाई नको, काही फेस्टिव्हलना आधी कुठं न दाखवलेलीच फिल्म लागते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला शॉट मात्र खरोखर कामाचा आहे, पण गड्डा जानेवारीतच येतो, चुकला की वर्षभर बोंबलत बसायचं, त्यामुळं त्याची तयारी दिवाळीतच करून ठेव. आणि गर्दीत मोठा कॅमेरा काढलास तर सगळी पब्लिक लेन्समध्येच बघत बसेल.

आता त्या प्रोड्युसरचं अ‍ॅग्रीमेंट, ज्याचा फोटो तू स्मायली टाकून पाठवलायस. त्यात "सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" असं लिहिलंय आणि रक्कम बघितलीस का? यावर सही करायची नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याचं कलम १९ एकदा वाच. हक्क द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनं, त्यात कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या भागासाठी आणि पैसे किती हे सगळं आलं पाहिजे. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि समोरच्यानं एक वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत तर करार संपतो, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. ते "कायमस्वरूपी" त्यांनी उगाच घातलेलं नाही. त्यांना सांग, फक्त सिनेमाचे हक्क, ठरलेल्या मुदतीपुरते, आणि नाटकाचे प्रयोग माझेच राहणार. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. स्क्रिप्ट झाली की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करून ठेव, भांडण झालं तर निदान तारखेचा पुरावा राहतो.

मुंबईला जाऊ का, हे तू परत विचारलंयस. जा की, कुणी अडवलंय, पण हातात पूर्ण नाटक घेऊन जा. अतुल कुलकर्णी इथं नाट्य आराधना संस्थेत काम करून मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) गेले, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे. इथं तालमीला जागा फुकटात मिळते, पोरं रात्री अकरापर्यंत थांबतात, तिकडं तालमीच्या हॉलचं भाडं ऐकून चक्कर येईल तुला.

आणि प्रयोगाची तारीख परस्पर कुणाला देऊन बसू नको, आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे जाते, तिथलं प्रमाणपत्र हातात आलं की मग तारीख. तिथं अर्धं नाटक घेत नाहीत, म्हणजे परत दुसऱ्या अंकावरच आलो बघ.

रविवारी सकाळी ये. जेवढं झालंय तेवढं प्रिंट काढून आण, पीडीएफ नको, मोबाईलवर माझे डोळे दुखतात. ते अ‍ॅग्रीमेंट पण आण, कोरं, सही न केलेलं. माझ्या ओळखीच्या वकीलबाई येणार आहेत, त्यांना दाखवू.

तुझी,
ताई