पोल्ट्रीच्या शिंपल्याच्या चुऱ्यात मिळालेली ५ मिमीची शिंपली नवी प्रजाती असेल का?

तुम्ही लिहिलंय की नवापूरला कोंबड्यांसाठी आलेल्या शिंपल्याच्या चुऱ्यात एक न फुटलेला पांढरा पुट (शिंपलीच्या दोन झाकणांपैकी एक) मिळाला, तिरप्या त्रिकोणासारखा, ५ मिमीचा. नेटवरच्या एकाही फोटोशी जुळत नाही.

भाऊ, नवी असू शकते. समुद्रातल्या बारीक शिंपल्यांना आजही नवी नावं पडतात, कारण हौशी माणूस मोठ्या शिंपल्या वेचतो आणि या चाळणीतून खाली जातात. पण फोटो जुळला नाही म्हणून नाव नाही, असं होत नाही. जिवंत द्विपुटांच्या, म्हणजे दोन झाकणांच्या शिंपल्यांच्या, ९,००० हून जास्त प्रजाती आहेत. बारक्यांपैकी कित्येकींची ओळख म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लेखातलं नखाएवढं चित्र!

आधी ती समुद्राचीच आहे ना, ते बघा. अंगणात ओतलेल्या चुऱ्यात रंगावली नदीची किंवा तापीची वाळू मिसळायला कितीसा वेळ लागतो? शिंपली उताणी ठेवा, बाजूने टॉर्च मारा आणि घड्याळजीच्या १० पटीच्या भिंगातून बिजागरी, म्हणजे दोन पुटं जुळतात ती कडा, बघा. बाहेरचा रंग आणि रेघा फसवतात, बिजागरीचे दात सहसा फसवत नाहीत. चोचीखाली, म्हणजे बिजागरीवरच्या टोकाखाली, तीन दात आणि दोन्ही बाजूंना लांब दात, त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक काप दिसले, तर ती कॉर्बिक्युला, गोड्या पाण्यातली. विषय संपला. कंगव्यासारखी दातांची रांग, मध्ये एक खळगा आणि आतून मोत्यासारखी चमक असेल, तर न्युक्युलाच्या, म्हणजे समुद्रातल्या बारक्या शिंपल्यांच्या, कुळाकडे जा. तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका जास्त येते.

मग स्नायूंचे दोन ठसे आणि त्यांना जोडणारी रेघ शोधा. रेघेला मागच्या बाजूला खाच असेल, तर प्राण्याला आत ओढून घेता येणाऱ्या नळ्या होत्या, म्हणजे तो बहुधा वाळूत पुरून राहणारा. खाच नसेल तर बरीच कुळं तिथेच गळतात. चोचीच्या अगदी टोकावर टाचणीच्या टोकाएवढी गुळगुळीत टोपी असते, ती अळी असतानाची शिंपली. तज्ज्ञ तिचाही फोटो मागतात.

सगळ्यात मोठा चकवा पिल्लांचा. डहाणूच्या वाळूतली एक ४ मिमीची शिंपली मी दोन वर्षं नवी समजून जपली होती, मनातल्या मनात नावही ठेवलं होतं. निघालं काय, तर बाजारात वाट्यावर विकतात त्या तिसरीचं पिल्लू. तेव्हापासून मी कडा आधी बघतो. पिल्लाची कडा बहुतेक पातळ आणि धारदार असते. वाढ पुरी झालेल्या शिंपलीची कडा जाड होते आणि तिथे वाढीच्या रेघा दाटीने येतात.

तुमची खरी अडचण मात्र गोणीची आहे. चुरा कुठल्या किनाऱ्याचा, की जमिनीखालच्या जुन्या थरातून खणलेला, हे दुकानदाराला विचारा, तोही बहुतेक खांदे उडवेल. ठिकाण माहीत नसलेल्या एका सुट्या पुटावर नवी प्रजाती उभी करायला कुणी शहाणा माणूस धजावणार नाही. डाव्या-उजव्या पुटांचे दात वेगळे असतात, तेव्हा जोडी हवी, आणि लहान-मोठे पाच-दहा नमुने मिळाले तर उत्तमच. २००० पासून नव्या प्रजातीला होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा एक नमुना, किंवा सिंटाइप, म्हणजे तशा नमुन्यांचा संच, स्पष्ट नेमावाच लागतो. शिवाय आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवी प्रजाती सापडली की तसं नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी अशी एक संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथेच आधी दाखवा.

तोवर ती कापसात ठेवू नका, तंतू दातांत अडकतात आणि काढताना दात मोडतात. औषधाची रिकामी कॅप्सूल उत्तम. साफ करायला व्हिनेगर अजिबात नको, शिंपली चुन्याची आहे, विरघळेल. आणि कोंबड्यांनी गोणी संपवायच्या आत उरलेला चुरा रव्याच्या चाळणीतून चाळा, जोडीदार पुट त्यातच असू शकेल. बिजागरीचा फोटो इथे टाका, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.