पणजीचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे का?

हो, आहे. वर्गमूळ ६३४.८ च्या आसपास येतं, म्हणून ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. १३ आणि ३१ तर तोंडीच बाद होतात: ४०३००० ला दोन्हींनी भाग जातो, त्यामुळे इथे बाकी १.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. चारने भागून बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. फर्माने हे मांडलं, ऑयलरने सिद्ध केलं. आपल्या संख्येसाठी ती जोडी: ५६०² + २९९² = ३१३६०० + ८९४०१. पडताळून बघाच, फार छान वाटतं!

मडगावचा ४०३६०१ मात्र मूळ नाही. ११ × ३६६९१.